लांबून

भवानी पेठ, टिंबर मार्केट. करवत थांबली
की इथे लोक दचकून वर बघतात.
माळ्यावर ऑफिस: तीन टेबलं, एक तिजोरी,
सागाच्या भुश्यानं माखलेला एक सीपीयू.
ओस्तवालशेठ म्हणाले, "विंडोजचे पैसे देणार नाही.
ते फुकटवालं टाका.
आणि हेमलताबाईंना घरून सगळं दिसलं पाहिजे."

हेमलता निगडे. एकवीस वर्षं या दुकानाचा हिशेब.
धायरीत, कोरड्या ठणठणीत जिन्यावर पाय घसरला;
खुब्यात सळई, तिसरा मजला,
आणि लिफ्ट पुढच्या महिन्यात, सहा वर्षांपासून.

मी डबा उघडला. ब्रशनं भुसा काढला.
उबंटू चढवलं, डेस्कटॉप हलका ठेवला;
म्हाताऱ्याला रात्री जड वाढू नये.
मग दाराचं काम.

दार म्हणजे नुसता एक आकडा.
तो रस्त्यावर उघडा टाकला
तर अर्ध्या तासात कडी वाजायला लागते:
रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, पत्ता चुकल्याचा आव आणणारी नावं,
लॉगमध्ये ओळीनं.
म्हणून आधी बोगदा खणला. एक किल्ली इथे,
एक धायरीच्या लॅपटॉपात.
"गोडाऊनमागच्या बोळासारखं, शेठ. किल्ली असेल त्यालाच बोळ,
बाकीच्यांना भिंत."
"मग परत पासवर्ड कशाला?"
"बोळ संपल्यावर दार असतंच ना?"
हिशेबी माणसाला दोन कुलपं लगेच पटतात.

पहिला फोन: "अगं, सगळं काळं दिसतंय."
इथे त्याच नावानं मीच लॉगिन करून बसले होते.
एका नावाची दोन माणसं यंत्राला खपत नाहीत.
मी बाहेर पडले, तेव्हा त्या आत गेल्या.
"दिसलं! आकडे बारीक आहेत गं."

पण शेठना इकडेही दिसायला हवं होतं, त्या तिकडे काय करतात ते.
"विश्वास आहे हो. तरी."
त्या 'तरी'साठी मी सगळं उसकलं,
एकच पडदा दोघांत वाटून दिला.
त्याचे वेगळे पैसे लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मुकं.
बोगदा मुका, पिंग मुकं. रिक्षा केली.
हुलगप्पा जिना झाडत होता.
"रात्री मेन पाडून जातो की मी. लाकडाचा बाजार आहे, बाई.
ठिणगी विचारून येत नाही."
त्याच्या उजव्या हाताची कातडी
कोपरापासून मनगटापर्यंत चकाकते. मी पुढं विचारलं नाही.
माझ्या यादीत फायरवॉल होती, बॅकअप होता,
तीन चुकांनंतर बंद होणारं कुलूप होतं.
हुलगप्पा नव्हता.

वायरमन आणला, कॉम्प्युटरला वेगळी लाइन ओढली,
बाकीचं ऑफिस त्याच्या मनासारखं अंधारात.
तीन रात्री तो त्या वायरीला पालथा हात लावून बघत राहिला,
ताप बघतात तसा.

चौथ्या संध्याकाळी शेठ लवकर गेले.
मी बॅकअप संपायची वाट बघत बाकड्यावर.
पडद्यावरचा बाण आपोआप हलला,
मे महिन्यात शिरला, एका आकड्यापाशी अडखळला,
मागं आला.
हुलगप्पाचा झाडू थांबला. "बाई?"
"हो."
त्यानं रिकामी खुर्ची फडक्यानं पुसली,
टेबलापासून जराशी मागं ओढली.
बाणाखाली अक्षरं उमटत होती.
"काय लिवत्यात?"
मी वाचलं: किरकोळ, हुलगप्पा, चहा, तीस.

"पस्तीस," तो पडद्याला म्हणाला.

धायरीपर्यंत आवाज जात नाही, ती सोय मी केली नव्हती.
उठून मी शून्य खोडलं, पाच लिहिला.
बाण क्षणभर तिथंच राहिला.
मग खालच्या ओळीवर गेला.